पाणी मुरतंय

एप्रिल. सेंट जॉन नदीवरचा बर्फ फुटला
त्याच आठवड्यात ओदिल सीरबाईंचा फोन:
"मोरीचं पाणी उलटं येतंय. आणि मागे
गवताचा एकच पट्टा हिरवागार झालाय.
छान दिसतो. पण वास येतो."

आधी छान, मग वास.
तीस वर्षं हा उपशाचा ट्रक चालवतोय,
लोक याच क्रमाने सांगतात, किंवा सांगतच नाहीत.
घरात माणसं किती? दोन, म्हणतात.
टाकी म्हणते सहा.
टाकी खोटं बोलत नाही, नुसतं पोटात ठेवते.

झाकण कुठाय?
"ल्युसियनला ठाऊक होतं."
ल्युसियन गेला, मागच्या बटाट्यांच्या काढणीत.
तळघराच्या दारावर, आतल्या अंगाला,
त्याच्या सुतारी पेन्सिलीचं अक्षर:
पायरीच्या कोपऱ्यापासून जुन्या बर्चकडे
त्रेचाळीस बूट.

फूट लिहायचं असेल, मी म्हणालो.
टेप ओढली, सळई खुपसली. चिखल.
हातभर पलीकडे, पुन्हा चिखल.
माझा पोऱ्या गॅविन म्हणाला, बर्च तर तीन आहेत,
यातला म्हातारा कोण?

बाई काही न बोलता शेडमध्ये गेल्या,
नवऱ्याचे रबरी बूट चढवून आल्या.
कोपऱ्याला टाच टेकवली.
मग चवड्याला टाच, चवड्याला टाच,
दोन्ही हात पसरून, डोंबाऱ्याच्या पोरीसारख्या,
तोंडातल्या तोंडात फ्रेंच आकडे.
अठ्ठाविसाव्याला चिखलाने बूट धरला
आणि पाय तेवढा वर आला.
मोजे भिजले. मोजणी चुकली नाही.

"इथे."
सळई घातली.
ठक्.

दीड फूट माती, मग काँक्रीटचं झाकण,
मग ते, ज्यासाठी गॅविन अजून तोंड फिरवतो.
वर साय, तळाशी गाळ,
मधे बऱ्यापैकी नितळ पाणी.
कुणी न सांगता ज्याचं त्याने
आपापली पायरी ओळखलेली.
हजार गॅलन उपसले.

पण दुखणं टाकीत नव्हतंच.
पुढे, निचऱ्याच्या शेताच्या तोंडाशी
एक वाटणीची पेटी असते. एक नळी येते, तीन जातात.
शेत म्हणायचं, पिकत काही नाही,
खडी, वाळू, आणि खाली अंधारात मुरणं.
गोठल्या जमिनीने पेटीचा एक कोपरा उचललेला,
किती हिवाळ्यांपूर्वी कोण जाणे.
सगळं पाणी एकाच नळीला.
ती बुडालेली, काळी, गच्च.
उरलेल्या दोघी कोरड्या ठणठणीत.

बाई वाकून बघत राहिल्या.
"आमची मधली बहीण," एवढंच म्हणाल्या.
मी विचारलं नाही.

पाचरी ठोकल्या. पाणसळ ठेवली,
बुडबुडा सरकला, अडला, मधोमध आला.
बुडालेल्या नळीला वर्षभराचं बूच. पडू दे तिला जरा.
मग बादलीभर स्वच्छ पाणी ओतलं
आणि तिघं जण गुडघ्यांवर बसून बघत राहिलो,
दोन तोंडांत ते सारखं वाटलं जाताना.

कुठेतरी पाणी मुरतंय, लोक म्हणतात, डोळे बारीक करून.
माझ्या धंद्यात उलटं.
मुरत नाही, तिथे शंका घ्यावी.

नेहमीचं सांगितलं: तळणीचं तेल ओतू नका,
शेतावरून ट्रॅक्टर नेऊ नका, झाड लावू नका,
तीन वर्षांनी बोलवा, वास यायची वाट न बघता.
आणि खिशातून पेन्सिल काढून दाराकडे वळलो,
फुटांत लिहून ठेवतो म्हणून.
"नको," म्हणाल्या. "तुमच्या वहीत लिहा."

वहीत लिहिलं: सेहेचाळीस फूट, सात इंच.
ट्रक वळवताना आरशात दिसल्या,
पायरीवर बसून एकेक बूट उपडा करताना.
त्यातून पाणी निथळत होतं
आणि पायरीखालच्या मातीत
दिसेनासं होत होतं.