दुसरी रेघ

कंपनीच्या फाइलीत हाळीच्या बाजाराचं नाव
'संभाव्य ग्राहक' या रकान्यात आहे.
जनावरं गुणिले ऐंशी रुपये गुणिले वर्षातून दोनदा.
हैदराबादच्या थंडगार खोलीत हा गुणाकार झाला तेव्हा
शून्यं मोजताना साहेबांचा आवाज ओला झालेला
मी ऐकलाय.

इथे मी लिंबाखाली थर्माकोलचा डबा मांडून बसलोय.
डब्यात बर्फ, बर्फात द्रावणाच्या बाटल्या
आणि पाकीटबंद पट्ट्या, बोटाएवढ्या.
कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त, दोन थेंब द्रावण,
दहा मिनिटं.
एक रेघ : जनावर निरोगी.
दोन रेघा : गाभडण्याचा रोग.
कॉलेजात काचेखाली पाहिलाय मी हा जंतू,
वाळूच्या बारीक कणासारखा, दिसायला अगदी साळसूद.

सकाळपासून एकही पाकीट फुटलं नाही.

नूरोद्दीन सौदागर पट्टी उलटीसुलटी करून बघतात.
"माल चांगला हाय. पण बाजारात आरसा कोण इकत घेतो, बाबा?
घेणाऱ्याला पायजे, इकणाऱ्याला नको.
आन् इथला हरेक माणूस
आज घेणारा, उद्या इकणारा."
मग ते उठतात, कुणाच्या तरी हातावर रुमाल टाकतात,
आत बोटं दाबली जातात, सोडली जातात,
दोन्ही चेहरे मातीच्या भिंतीसारखे कोरे.
आमच्या सादरीकरणात
या रुमालासाठी स्लाइड नाही.

दुपारी वाढवण्याहून सोजरबाई मस्के आल्या.
शेवरी देवणी, पांढऱ्या अंगावर शाईचे शिंतोडे उडावेत तशी,
मागं पाच महिन्यांची कालवड, दाव्याला तोंड घासत.
"इकायलाच आणली. रुमालात बोलणं बी झालंय.
पण साल-दीड साल झालं, सातव्या महिन्यात गाभडली होती ही.
तुमचं ते यंत्र काय म्हणतंय, बघा की."

यंत्र नाही, पट्टी, असं म्हणेपर्यंत
त्यांनी गाईचा कान माझ्यापुढं धरला होता.

दहा मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.
पहिली रेघ आली. ती येतेच.
मग दुसरी, आधी शंका आल्यासारखी,
मग पिकल्या जांभळासारखी.

नूरोद्दीन मागं उभे होते. हळूच म्हणाले,
"मला काय दिसलं नाही, बाई. भाव तोच राहील."
हा मोठेपणा होता की धंदा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोजरबाईंनी गाईकडं पाहिलं नाही, पट्टीकडंही नाही.
"दूध धारोष्ण पितो आम्ही," त्या म्हणाल्या.
"वार पडली तवा सुनेनंच हातानं उचलून पुरली.
सहा महिने झाले, तिन्हीसांजेला ताप भरतो तिला,
कंबर धरते, पहाटे घामानं वाकळ भिजते.
तीन दवाखाने झाले. टायफाईडच म्हणतेत सगळे.
बाबा, माणसाची पट्टी हाय का तुझ्याकडं?"

नव्हती.
आमची कंपनी जनावरांच्या आरोग्यात आहे.
मी पाकिटामागच्या कोऱ्या जागेवर रोगाचं नाव लिहिलं,
मोठ्या अक्षरात, रक्ताच्या तपासाचंही,
म्हटलं, लातूरच्या मोठ्या दवाखान्यात हे दाखवा,
दूध उकळा, गाय वेगळी बांधा,
कालवडीला लस देता येते, वय जाऊ देऊ नका.
माझा आवाज माहितीपत्रकासारखा येत होता,
आणि मला दुसरा सापडत नव्हता.

त्यांनी पाकीट कनवटीला खोचलं,
नूरोद्दीनच्या हातावरचा रुमाल घडी करून
त्यांच्याच खांद्यावर ठेवला,
आणि आणलेली गाय परत निघाली.

संध्याकाळी अहवाल : विक्री, एक.
ग्राहकाचा अभिप्राय : रकाना एका ओळीचा होता.
मी लिहिलं, माणसाची पट्टी मागतात.
खाली 'बाजारपेठेची व्याप्ती' होतं,
तिथं पेन बराच वेळ टेकून राहिला, निळा ठिपका पडला.

शंभराची नोट दिली होती त्यांनी, सुटे नव्हते माझ्याकडे.
"राहू दे," जाता जाता म्हणाल्या,
"कालवडीच्या लशीला धर. पुढल्या बाजारी येशील ना?"

ते वीस रुपये
मी कंपनीच्या हिशेबात धरलेले नाहीत.