तीन गुंठे

तिथीची पाऊणपट करायची, म्हणाली चांगुणा चोगले,
आज वद्य द्वितीया, म्हणजे दीडला भरती,
म्हणजे साडेसातला दर्या पार खाली.
तेवढ्यात काय ते उरका, सायब.
मी भूकरमापक. तिपाई खांद्यावर,
पिशवीत नकाशा, डब्यात पोहे,
हरिहरेश्वरच्या कातळातल्या त्या चिंचोळ्या फटीतून
उतरत होतो, एका हातानं भिंत धरून.
भिंत ओली. रात्रभर तिथे कुणी राहून गेल्यासारखी.

खाली आलो आणि तिपाई कुठे रोवावी तेच कळेना.

सपाट म्हणावं तर सगळ्याला भोकं.
मधमाश्या सोडून गेलेलं पोळं नुसतं,
एकेका घरात बोटभर पाणी, पाण्यात आभाळाचा चुरा,
एका घरात करंगळीएवढा खेकडा, स्वतःच्या दारात अडकलेला.
कडेची भिंत आतून खाल्लेली, वर छज्जा तेवढा शिल्लक,
त्यावर ताकात हळद पडावी तसा एक पट्टा,
मग काळा, मग भाजलेल्या विटेचा.
वहीत मी लिहिलं: पोटखराब.
खोडलं नाही. पण लाज वाटली.

नकाशा जुना, कापडावर डकवलेला.
त्यात नैर्ऋत्येला हद्दीचा एक दगड आहे.
उताऱ्यावर चौदा गुंठे. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं,
भरतात अकरा.
वरून परचुरे ओरडतात, जमीन त्यांची,
तीन गुंठे गेले कुठे? लगतचा खातेदार कोण?
लगतचा खातेदार. मी पश्चिमेकडे पाहिलं.
नोटीस काढायची तर पत्ता काय घालू,
पंचनाम्यावर सही कुणाची घेऊ,
समक्ष हजर राहायचं म्हणाल तर
तो रोज दोनदा येतोच.

चांगुणा कालवं फोडत होती.
कोयतीचं टोक, एक टिचकी, झाकण वर,
आतला राखाडी जीव डब्यात.
मान वर न करताच तिनं पाण्याकडे हात केला.
तुमचा तो दगड ना? माझी सासू त्याच्यावर बसायची.
मी लगीन होऊन आले तवा घोट्याएवढं पानी लागायचं त्याला.
आता मोठ्या सुकतीलाच डोकं दावतो.

दिसला. शेवाळानं माखलेला,
हजेरीत नाव पुकारल्यावर उठून उभं राहावं
आणि लगेच खाली बसावं, तसा.

यंत्र पेटीत घातलं. परचुरे चहाला गेले असावेत.
मी बूट काढले. एकतीस वर्षांच्या नोकरीत
कामाच्या जागी पहिल्यांदाच. कातळ बोचतो, मग बोचत नाही.
एका रांजणखळग्यात हात घातला, कोपरापर्यंत,
आतून गुळगुळीत, कुंभारानं नुकताच हात काढून घेतलेला,
आणि तळाशी एक गोटा. गोल, गार.
भरतीचं पाणी याला फिरवतं,
हा फिरता फिरता घर कोरतो,
घर मोठं होत जातं तसा हा लहान होत जातो.
आमचे अण्णा माणगावचं घर बांधताना असेच वाळत गेले.
हे तेव्हा सुचलं नाही. आत्ता लिहिताना सुचतंय.

सायब, वर सरा. पानी फिरलंय.
मला तर काही फिरलेलं दिसत नव्हतं.
फक्त खालच्या बाजूची घरं एकेक करून
भरत होती, आवाज न करता,
आणि फटीत आत कुठेतरी
कुणी रिकामं पिंप सरकवत होतं.
ती केव्हाच पायऱ्यांवर, डब्यावर फडकं बांधून.
मी गोटा खिशात घातला.
का, ते सांगता येत नाही.

अहवालात लिहिलं: जागेवर क्षेत्र अकरा गुंठे.
उर्वरित तीन, समुद्राचे वहिवाटीत.
साहेबांनी लाल शाईनं विचारलं, केव्हापासून?
त्या रकान्यात मी अजून काही भरलेलं नाही.

त्या खळग्यात आता नुसतं पाणी फिरत असेल,
बिनकामाचं, माझ्यामुळे.
गोटा टेबलावर आहे. पंखा लावला की
नकाशा कडेनं उचलतो, पश्चिमेची बाजू आधी.
मी तो त्यावर ठेवतो. तेवढा वेळ
किनारा हलत नाही.