तिसऱ्या गाण्यातला कूलर

मेकोसाबागेत, नेल्सनच्या मामाच्या खोलीत
भिंतींना गाद्या टेकवून
आम्ही सत्तेचाळीस डिग्रीत कॅसेट भरली.
टेक सुरू की कूलर बंद.
घाम ड्रमच्या कातड्यावर टपटपायचा,
संघपालची वरची तार दर दहा मिनिटांनी उतरायची.

तिसऱ्या गाण्यात कूलर बंद करायचा राहिला.
त्यात मामीचा आवाज:
"पानी सरलं न बे, टाकून दे एक बकेट."
पुन्हा वाजवायला पैसे नव्हते,
मशीन भाड्याचं, तासाचे दीडशे.

दोनशे कॅसेटी. सदरच्या दुकानात
शंभर तरी वर्षभर उन्हात पिवळ्या पडल्या.

आता महावितरणात बिलं तपासतो मी.
परवा नवीन लागलेली पोरगी, लाखनीची,
कानात बोंडं घालून
टेबलावर बोटं आपटत होती.
माझीच बेसलाइन.
मी काही बोललो नाही.

नेल्सन गेल्यावर त्याच्या पोरानं
सगळं साफ करून ऐकवलं होतं:
घरघर नाही, मामी नाही.
चांगलं वाटलं. दुसऱ्यांदा नाही लावलं.

पोरगी थांबली, एक बोट हवेत,
नुसत्या ओठांनी म्हणाली,
"टाकून दे एक बकेट",
आणि मग ड्रम.