दोना एर्मेलिंडाची गादी

सेतुबालमध्ये, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना
गादी चढली.
दोन पोरांनी चढवली, घामाघूम, हसतमुख.
त्याआधी चर्चच्या सभागृहात
रक्तदाब फुकट तपासून झाला होता,
बिस्किटं वाटली होती,
आणि पांढऱ्या कोटातल्या एकाने
तिचा मणका कागदावर काढून दाखवला होता,
मोडत आलेल्या शिडीसारखा.

गादीत चुंबक आहेत म्हणाला.
सही इथे, इथे, आणि इथे.
तिसरी सही कर्जाची होती.
साठ हप्ते.
ती त्र्याऐंशी वर्षांची.

रात्री चुंबकांवर पडून
ती छताकडे बघत हिशेब करत राहिली:
पेन्शन, वजा भाडं, वजा गॅस, वजा गोळ्या,
वजा गादी.
उरलं ते मुठीत मावलं. मूठही लहानच तिची.

असे आठ दिवस.
मग खालच्या नेल्माला विचारलं.
नेल्मा केप व्हर्देची, रात्रपाळीला इस्पितळ पुसते.
फोन कंपनीने एकदा तिला असं पिळलं
की तेव्हापासून ती बारीक अक्षर आधी वाचते,
मोठं मग, वेळ उरला तर.

नेल्मा म्हणाली, दुकानाबाहेर गाठून गळ्यात मारलेलं
चौदा दिवसांत परत करता येतं.
कारण द्यायचं नाही. विचारलं तरी नाही.
आज कितवा दिवस?
नववा.

एर्मेलिंडाने फोन केला.
पलीकडचा आवाज मधात बुडवलेला:
काळजीच करू नका, दोना एर्मेलिंडा,
पुढच्या बुधवारी आमचा माणूस येतोच आहे.
बरं म्हणाली, फोन ठेवला,
मग बोटं मोजली.
पुढचा बुधवार
पंधरावा.

हे तिच्या ओळखीचं होतं.
एकतीस वर्षं ती कारखान्यात
सार्डिन डब्यांत भरत होती, डोकं-शेपटी, शेपटी-डोकं,
आणि संध्याकाळी मुकादम पेट्या मोजायचा,
रोज दोन कमी.
भांडून घसा बसला, बाकी काही झालं नाही.
मग ती एप्रनच्या नाडीला गाठ मारू लागली,
पेटीला एक.
नाडी टेबलावर ठेवली की
मुकादमाला पुन्हा मोजायला लागायचं.

पत्र स्वयंपाकघरात लिहिलं.
करार क्रमांक. तारीख. मी हा करार रद्द करत आहे.
कृपया लिहू?
लिहा, एकदाच.
कंबरेचं दुखणं? पेन्शन?
नको. रडगाणं ते फाइलला लावत नाहीत,
तारीख लावतात.

पावती तेवढ्यात फिकट होऊ लागलेली.
त्या गुळगुळीत कागदाची खोडच ती,
आकडे विरत जातात
देणेकऱ्याच्या आठवणीसारखे.
म्हणून झेरॉक्स.
एक पत्र गादीवाल्यांना, एक कर्जवाल्यांना,
दोन्ही रजिस्टर, पोचपावतीसह.
पोस्टातली बाई म्हणाली, साधं टाका, स्वस्त पडेल.
एर्मेलिंडा म्हणाली, स्वस्त नकोय.

आणि सोमवारी ती थेट त्यांच्या दुकानात.
तक्रारवही द्या.
वही कपाटात आहे, किल्लीवाल्या बाई रजेवर.
मग बसते, म्हणाली,
आणि सगळ्यात महाग गादीवर बसली,
बुटांसकट.
वीस मिनिटांत किल्ली सापडली.
तिने सावकाश लिहिलं, दाबून,
खालच्या प्रतीवर नीट उमटेल असं,
आणि आपली प्रत घडी करून
ब्लाउजमध्ये ठेवली.

तीन आठवडे गादी जिन्याच्या वळणावर उभी होती.
नेल्माचा धाकटा तिच्यावर गोल मारायचा.

मग तीच दोन पोरं आली, हसू न आणता.
एकाने पुढचं टोक उचललं, उतरू लागला.
दुसरा थांबला. आवाज खाली आणून म्हणाला,
माझ्या आईनेही घेतली आहे, आमच्याचकडून.
त्या पत्रात काय लिहायचं असतं?

एर्मेलिंडाने दार पुन्हा उघडलं.
कितवा दिवस?

तो गादी खांद्यावर घेऊन
जिन्यातच
मोजू लागला.