तण्णीपाणी ६६

ट्राँबेच्या टोकाला आमची महापालिकेची शाळा.
तळाला तमिळ, पहिल्यावर उर्दू,
दुसऱ्यावर हिंदी, तिसऱ्यावर आम्ही,
मराठी, पट एकेचाळीस.
गच्चीचं पाणी झिरपतं ते आमच्याच वर्गात,
आणि इंटरनेट आलं तेही आमच्याकडेच,
कारण कागदावर नाव आमचं होतं.

नारळ फुटला, फोटो निघाले,
आणि राउटर गेला मोठ्या बाईंच्या कपाटात,
मूल्यमापनाच्या फायलींमागे, कुलपात.
"चोरीला गेला तर भरणार कोण?"
पत्र्याच्या फटीतून हिरवा दिवा दिसायचा,
सात महिने.
मी टॅब घेऊन कपाटाला पाठ टेकून उभी राहायचे,
सहावीची पोरं माझ्याभोवती,
आणि ज्वालामुखी अर्ध्यावर थांबायचा.
तोंड उघडं, धूर जागच्या जागी.
"बाई, हा आज तरी फुटेल का?"
मग मी खडू घ्यायचे. लाल खडू संपलेला असायचा.

नौशाद आला तक्रार क्रमांक घेऊन.
लाइनवाला. पाचवीपर्यंत पहिल्या मजल्यावर शिकलेला,
अजून तिथून जाताना शर्ट खोचतो.
"लोखंडात कोंडलाय तुम्ही त्याला.
भूत आहे काय तो, भिंतीतून यायला?"
चावी बाईंच्या पर्समध्ये,
पर्स दादरला मीटिंगमध्ये.
नौशादनं माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
कपाटाच्या पाठीचे चार स्क्रू निघायला
चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

राउटर लागला जिन्याच्या मधल्या वळणावर,
पाण्याच्या फिल्टरच्या वर,
जिथे चारही शाळा बाटल्या भरायला भांडतात.
"पासवर्ड काय ठेवू?" त्यानं विचारलं,
आणि जिना पेटला.
कुणी देवाचं नाव, कुणी क्रिकेटरचं,
शेवटी एक जण म्हणाला, पाणी.
हिंदीत पाणी, उर्दूत पाणी, आपल्यात पाणी.
"आमच्यात तण्णी," तळमजल्याची पोन्नी म्हणाली,
आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून उभीच राहिली.
पायऱ्या कुणी तरी मोजून आलं, सहासष्ट.
झाला पासवर्ड.

त्या दुपारी मी टॅब फिल्टरला टेकवला.
वरच्या पायऱ्यांवर माझी सहावी,
खालच्या पायऱ्यांवर न बोलावलेले.
धूर हलला. डोंगर थरथरला.
आणि फुटला एकदाचा!
लाव्हा उतरत आला, जाड, सावकाश,
आणि सर्वात खालच्या पायरीवरच्या
कुणाच्या तरी धाकट्या भावानं
गुपचूप पाय वर घेतले.

मला मेमो आला.
खुलासा तीन दिवसांत द्यायचा होता.
मसुदा अजून पर्समध्ये आहे;
"विनापरवानगी" या शब्दापुढे
काही सुचत नाही.

गेल्या बुधवारी गटारवाल्यांनी रस्ता खोदला
आणि वायर तुटली.
वॉचमन सांगत होता,
रात्री साडेनऊला नौशाद खड्ड्यात बसलेला,
टॉर्च दातांत धरून,
केसाएवढी काच केसाएवढ्या काचेला जोडत.
"उद्या केलं तर नाही चालणार काय?"
वॉचमननं विचारलं.
त्यानं टॉर्च तोंडातून काढली.
"चालेल की," म्हणाला,
"पण सकाळी त्या तमिळ पोरीला
तोंड तू दाखव."