आदेश मिळाल्याची तारीख

सिव्हिल लाइन्सला, प्रशासकीय इमारतीच्या मागल्या फाटकाशी
कडुनिंबाखाली माझं टेबल आहे.
लॅपटॉप, प्रिंटर, बॅटरी,
कोर्ट फी तिकिटांचा डबा, ज्यात आधी बिस्किटं असायची.
बावीस वर्षं मी लोकांचं म्हणणं टाइप करते.

मे महिना, ऊन सेहेचाळीसचं. हिंगण्याहून उरकुडे आले,
कारखान्याचे मॅनेजर,
डोक्यावर ओला दुपट्टा, पोटाशी फाइल.
फाइलमध्ये निरीक्षकाचा आदेश:
पॉवर प्रेस क्रमांक चारला संरक्षक जाळी नाही,
बसवेपर्यंत चालवू नये.
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात,
तीस दिवसांच्या आत अपील करता येईल.

"टाका न ताई. जाळी होती.
साफसफाईसाठी काढली होती, नेमकी त्याच दिवशी."
मी टाकलं.
"सदर कामगाराच्या हलगर्जीपणामुळे..."
तेही टाकलं.
हलगर्जीपणातल्या र्ज ला दोन्ही हात लागतात:
र उजव्यानं, पाय मोडायला डाव्याचं मधलं बोट,
मग ज पुन्हा उजव्यानं.

सदर कामगाराचं नाव?
"निनावे."
क्षणभर वाटलं, सांगायचं नाही यांना.
मग आठवलं, गोळीबार चौकाच्या मागे
आमची अर्धी गल्ली निनाव्यांचीच होती,
पहाटेपासून माग खटखटायचे.

अपील कोण करतंय, त्या रकान्यात लिहायचं असतं: भोगवटादार.
कायद्यात कारखानदाराला हाच शब्द आहे.
नवीन होते तेव्हा वाटायचं,
ज्याच्या वाट्याला भोग येतात, तो.
एकदा तसंच भरलंही होतं, कामगाराचं नाव.
वकील कागद परत घेऊन आले, हसत.
पुढे कितीतरी दिवस फाटकावरचा शिपाईसुद्धा
मला भोगवटादार म्हणायचा.

उरला एक रकाना. आदेश मिळाल्याची तारीख.
कागदावर कारखान्याचा आवक शिक्का, पुसट:
०९ एप्रिल.
आज मे महिन्याची अकरा.
"एकोणीस टाका," ते हळूच म्हणाले.
"शून्य आहे का एक, कोणाले दिसते?"

मला दिसत होतं.
मी म्हटलं, भाऊ, कागदावर आहे तेच मी टाकते.
उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज असतो.
मिळेलच असं नाही. साठ रुपये वेगळे.
त्यात उशिराचं कारण लिहावं लागतं.

ते दुपट्टा पिळत बसले. पाणी मातीत पडलं आणि लगेच गेलं.
"कारण म्हणजे... मेडिकललेच होतो मी.
मीच नेलं त्याले, माह्या गाडीवर.
बोटं डब्यात होती, बर्फ टाकून.
तीन. मधलं, अनामिका, करंगळी.
डावा हात.
डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.
मंग रोज जात गेलो. फाइल टेबलावर पडून राहिली."

हे टाकू?
बराच वेळ त्यांनी इमारतीकडे पाहिलं.
"नको. मालक वाचतीन.
प्रकृती अस्वास्थ्य टाका."
कोणाची ते टाकायचं का, मी विचारलं नाही.

तीन प्रती निघाल्या, गरम.
थुंकी लावून त्यांनी पानं मोजली, सही केली,
पैसे दिले, पाच पावलं गेले, परत आले.
"ताई, निनाव्याले काही म्हणायचं असन, तर त्याचा फॉर्म?"
मी डबा उघडला, बंद केला.
या अपिलात त्याचा रकाना नाही, म्हटलं.
त्याला इथे घेऊन या. साध्या कागदावर लिहू.
ते बरं म्हणाले. फाटकातून आत गेले.

संध्याकाळी बॅटरीत थोडी चार्जिंग उरली होती.
डाव्या हाताची तीन बोटं मुठीत धरली,
आणि तोच शब्द पुन्हा टाइप करून पाहिला.
र चा पाय मोडेना.
पडद्यावर उमटलं: हलगरजी.
मधेच गरज.
पुढची अक्षरं काही मला टाकता आली नाहीत.