हातचे सहा

होलेतात दिवस उजेडापासून मोजतात.
सूर्य वर येतो तेव्हा बारा,
जगाचे सात म्हणजे इथला एक.
गुलाबांच्या शेडमध्ये मात्र सातला सातच वाजतात,
कारण फुलं रात्रीच्या विमानाने युरोपात जातात
आणि विमान कुणाच्या सूर्यासाठी थांबत नाही.

त्सिगेरेदा दोन्ही घड्याळं सांभाळते.
तिच्या नावाचा अर्थच गुलाब.
मुकादम तेस्फाये रोज एकदा तो विनोद करतो,
रोज एकदा ती हसते;
तेवढा वेळ तिने वेगळा काढून ठेवलाय.

गेल्या वर्षी अकाउंटन्सीच्या परीक्षेच्या कागदावर
लिहिलं होतं: तीन वाजता.
अर्धी रजा टाकून, दोन पेनं घेऊन
ती भर दुपारी पोचली.
फाटकावरचा म्हातारा म्हणाला,
पोरी, तीन सकाळीच वाजले. आता नऊ झाले.
शेडमध्ये राहून राहून
तिला आपलेच तीन ओळखू आले नव्हते.
हातचे सहा मिळवायचे राहिले,
वर्ष गेलं.

मग कंपनीने वेळेच्या नियोजनावर एक दुपार दिली.
पडद्यावर चार चौकोन:
तातडीचं, महत्त्वाचं, आणि उरलेलं.
तिने हात वर केला.
पाणी तीन दिवसांआड येतं, रात्री, केव्हाही.
ते कुठल्या चौकोनात भरू?
छान प्रश्न, असं म्हणून ट्रेनरने पुढची स्लाइड लावली.

घरी येऊन तिने फुलांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला
आणि आठवडाभर खर्च लिहिला,
पैशांचा लिहितात तसा, न लाजता.
मिनीबसची वाट: पन्नास मिनिटं.
बोटातले काटे काढणं: दहा.
फोन: (खोडलं, पुन्हा लिहिलं) सत्तर.
वही उघडून कुठून सुरू करू म्हणत बसणं:
हा आकडा तिने दोनदा तपासला.

तेव्हापासून वही मिटताना
ती उद्याचं पहिलं गणित अर्धं सोडून ठेवते.
अर्धं गणित खडा टोचावा तसं टोचतं,
दुसऱ्या दिवशी हात आपोआप तिथेच जातो.
फोन शेजारच्या एमेबेतकडे, पिठाच्या डब्यात.

एमेबेतकडची कॉफी मात्र पुठ्ठ्यावर नाही.
बिया भाजायच्या, कुटायच्या, तीन वेळा उकळायची;
तिसरा कप आशीर्वादाचा, तो टाळून उठत नाहीत.
एका बुधवारी ती उठली.
एमेबेत काही बोलली नाही,
कप तेवढा उपडा घातला.
त्या रात्री ताळा जुळला,
पण झोप लागली नाही.
आता ती वही घेऊनच जाते.
बिया तडतडेपर्यंत घसाऱ्याची दोन उदाहरणं होतात,
कधी एकच.

उद्या पेपर आहे. तीन वाजता.
तळहातावर, काट्यांच्या ओरखड्यांमधून,
तिने पेनाने लिहिलंय:
उजेडानंतरचे.
आणि खाली, लहान अक्षरांत,
तेस्फायेला सांगायचं राहिलं.